कोचला शाल घातली त्याची हकिकत

रियाधला मराठी माणूस आला की आधी इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हातात पडायची वाट बघतो, मग गाडी घेतो आणि मग समिती काढतो. गाडी एखादा नाही घेत, पण समिती कुणाची चुकत नाही. आमच्या वसाहतीत दिवाळीच्या फराळाची समिती आहे, सहलीची आहे, शाळेच्या बसची आहे. त्यामुळे पोरांना आइस हॉकी शिकवायचं ठरलं तेव्हा बूट यायच्या आधीच समिती तयार होती. अध्यक्ष एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, चिटणीस माझा नवरा, आणि आयुष्यात कधी बर्फावर पाय ठेवलेला माणूस त्यात एकही नव्हता.

हो, आइस हॉकीच. बाहेर गाडीच्या बॉनेटवर पापड भाजून निघेल असं ऊन, आणि आमची पोरं लोकरीचे मोजे शोधताहेत. झालं होतं असं, की अल सुलैला, म्हणजे शहराच्या त्या गोदामांच्या भागात, एक गोठवलेल्या कोंबडीचा मोठा व्यापारी आहे. त्याचा मुलगा कॅनडात शिकायला गेला आणि पदवीबरोबर हे वेड घेऊन परत आला. बापाने लाडक्या लेकासाठी एक अख्खं गोदाम रिकामं केलं आणि आत बर्फाचं मैदान केलं. शेजारच्या गोदामात कोंबड्या, या गोदामात आमची मुलं. दोन्हीकडे थंडी सारखीच. पहिल्या दिवशी मी सुती कुर्ता घालून गेले आणि तासभर दात वाजवत बसले.

आता तुम्ही म्हणाल, मराठी आईबापांना या खेळाचा पुळका कुठून आला? अहो, खेळाचा कसला आलाय पुळका! क्रिकेट सगळेच खेळतात. पुढे परदेशातल्या कॉलेजात अर्ज करायचा तर त्यात काहीतरी उठून दिसायला हवं. वाळवंटात राहून आइस हॉकी म्हटलं की वाचणारा थबकणारच, असा अध्यक्षांचा हिशोब. मूल सहावीत आणि बापाला स्वप्नं अमेरिकेची. मी नाही म्हटलं नाही, कारण माझ्या लेकीला पहिल्याच दिवशी तो बर्फ आवडला. घरात मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते, पण त्या दिवशी गाडीत बसल्यावर ती कुठल्याच भाषेत काही बोलली नाही, नुसती हसत बसली.

शिकवायला जो आणला होता त्याला सगळे कोचच म्हणायचे. फिनलंडचा. वीसेक वर्षं पैसे घेऊन खेळलेला खरा धंदेवाईक खेळाडू. नाक दोनदा तरी मोडून बसवलेलं, पुढचे दात खोटे आणि चालताना एक पाय किंचित ओढायचा. बर्फावर उतरला की मात्र तो पाय कुठे गायब व्हायचा देव जाणे. बोलणं म्हणाल तर इतकं कमी, की अध्यक्षांना पहिले काही आठवडे वाटत होतं याला इंग्रजी येत नसावं.

त्याने पहिला महिना पोरांना काय शिकवलं माहितेय? पडायला. हातात काठी नाही, खेळाची ती रबरी चकती नाही. धाव, पड, ऊठ. पुन्हा पड. समितीत गदारोळ झाला. "पडायला आमची पोरं घरीसुद्धा पडतात, त्यासाठी अल सुलैपर्यंत कशाला यायचं?" असं एक आई म्हणाली. मग ठराव झाला की कोचने महिन्याला अभ्यासक्रम द्यावा. कोचने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडलं. शाबासकी म्हणून तो तोंडाने कधीच काही म्हणत नसे. फार बरं वाटलं तर आपली काठी बर्फावर दोनदा ठोकायचा. टक टक. त्यांच्या खेळात मान द्यायची हीच पद्धत आहे, हे त्याने पोरांना शिकवलं होतं. त्या दोन ठोक्यांसाठी पोरं जीव टाकायची.

मला त्याचं नवल वाटलं नाही, असा माणूस माझ्या ओळखीचा होता. मी सांगलीची. कॉलेजपर्यंत खो-खो खेळले, गुडघे फोडून घेतले. आमचे सर असेच होते. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं तरी मी दिवसभर हवेत असायचे. त्यामुळे गोलीच्या जागी कुणीच आपलं मूल द्यायला तयार होईना, सगळ्यांना आपलं पोर गोल मारतानाच बघायचं होतं, तेव्हा कोचने माझ्या लेकीकडे बोट दाखवलं आणि मी गप्प राहिले. नवरा घरी येऊन म्हणाला, "अगं, गोली म्हणजे नुसतं उभं राहून मार खायचा." मी म्हटलं, "मग तुला कळेल तरी, या घरात मी काय करते ते."

कोच आमच्या वसाहतीमागच्याच गल्लीत राहायचा. गुडघ्यामुळे त्याला रियाधच्या गर्दीत ब्रेक दाबत गाडी चालवणं जमेना, म्हणून जाता-येता मीच त्याला घ्यायचे. लेक पुढे माझ्याशेजारी आणि हा उंचापुरा गडी मागे, गुडघे हनुवटीला टेकवून, मांडीवर त्याची ती अवाढव्य पिशवी. हमरस्त्याच्या एक्झिटच्या गर्दीत अडकलो की एखादं वाक्य बोलायचा. असं वाक्यावाक्याने मला त्याचं सगळं आयुष्य कळलं. कागदाच्या गिरणीचं छोटं गाव, हिवाळ्यात गोठलेलं तळं, आणि सोळाव्या वर्षी घर सोडून क्लबात. बचाव करणारा खेळाडू होता, म्हणजे त्याचं काम येणाऱ्या चकतीच्या आड अंग घालायचं. मग स्वीडन, जर्मनी, कझाकस्तान. दर एक-दोन वर्षांनी नवा क्लब, नवं गाव, क्लबने दिलेलं घर आणि त्यात दुसऱ्याने बसून खचवलेला सोफा. गुडघा गेल्यावर शिकवायला लागला, तिथेही तेच.

"इथे मी सोफा विकत घेतला," एकदा तो म्हणाला. "पहिल्यांदा. माझा."

मग किंग फहाद रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "उन्हाळ्याआधी करार संपतो. मला राहायला आवडेल." त्याच्या तोंडून आवडीनिवडीचं मी ऐकलेलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य.

अडचण गोदामाच्या मालकाच्या मुलाची होती, त्याच कॅनडाहून आलेल्या. त्याला कोच जुनाट वाटायला लागला होता. त्याला हवा होता हसऱ्या चेहऱ्याचा, व्हिडिओ काढणारा, पोरांना दर आठवड्याला बिल्ला देणारा कुणीतरी तरुण. मालक म्हातारा मात्र अडून बसला होता. आईबाप खूश असतील तर हाच राहू दे, असं त्याचं म्हणणं. म्हणजे निकाल आमच्या हातात होता. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि नवऱ्याने अर्थातच बैठक बोलावली.

बैठकीत मी म्हटलं, "दोघंतिघं जाऊ, मालकाला सांगू, आम्हाला हाच माणूस हवा. एक वाक्य. चहासुद्धा गार व्हायच्या आत परत येऊ."

अध्यक्ष मंद हसले. "वहिनी, असं थेट बोलायचं नसतं. आधी वातावरणनिर्मिती करावी लागते." आणि त्यांनी सुचवलं, की कोचचा जाहीर सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र, सन्मानचिन्ह. प्रमुख पाहुणे मालक. त्यांच्याच हस्ते शाल. आपल्या पालकांच्या मनात कोचबद्दल केवढा आदर आहे हे मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, की पुढचं आपोआप होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा म्हटलं, "पण ते एक वाक्य कोण बोलणार?" तोवर सूत्रसंचालन कुणी करायचं यावर वाद सुरू झाला होता.

शाल आमच्या वसाहतीत एकच आहे. मोतिया रंगाची, काठाला जर. कुणीतरी कधीतरी पुण्याहून आणली आणि तेव्हापासून ती फिरते आहे. ज्याचा सत्कार होतो तो आठवडाभर कपाटात ठेवतो आणि पुढच्या कार्यक्रमाला इस्त्री करून परत देतो. नारळ बथाच्या बाजारातून आणला. सन्मानचिन्हावर हॉकीची काठी हवी होती, पण मिळाली ती साधी मैदानावरच्या हॉकीची. चालतंय म्हणाले.

सत्कार बर्फावरच झाला, मधोमध. गालिचा अंथरला होता आणि त्यावर अध्यक्ष, मालक, मालकाचा मुलगा आणि कोच. आम्ही बाकीचे काचेबाहेर कुडकुडत उभे. एकामागून एक भाषणं झाली. काही इंग्रजीत, काही हिंदीत, कारण मालकाला कामगारांमुळे हिंदी बरी समजते. आणि आपली भाषणं कशी असतात तुम्हाला ठाऊक आहे. जिवंत माणसाबद्दल बोलायला उभे राहतात आणि दुसऱ्याच मिनिटाला तो गेल्यासारखं बोलायला लागतात. "तुम्ही आमच्या मुलांना जे दिलंत ते आम्ही कधीही विसरणार नाही." "तुमच्या आठवणी या बर्फावर कायम राहतील." शेवटी अध्यक्षांनी मानपत्र वाचलं, मराठीत लिहून इंग्रजीत केलेलं, आणि पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा देऊन थांबले. मालकाने शाल घातली, नारळ हातात दिला, कोचला मिठी मारून दोन्ही गालांवर मुका घेतला. कोच तसाच ताठ उभा. मग पोरांनी, कुणी न सांगता, काठ्या बर्फावर ठोकल्या. सगळ्यांनी मिळून. माझी लेक सगळ्यांत जोरात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

आणि "याला ठेवा" हे एक वाक्य कुणीही बोललं नाही. आभारप्रदर्शनात ध्वनियंत्रणेचे आभार मानले, समोशांचे मानले.

परत येताना कोच मागे बसला होता, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. मध्येच म्हणाला, "धन्यवाद. मला काढताना कुठल्याच क्लबने इतकं चांगलं केलं नव्हतं."

माझा पाय ब्रेकवर गेला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

तो शांतपणे सांगत होता. त्यांच्याकडे असंच असतं. खेळाडू नको झाला की सामन्याआधी त्याला मैदानाच्या मध्यावर बोलावतात, फुलं देतात, त्याच्या नावाचा शर्ट चौकटीत घालून देतात, प्रेक्षक उभे राहतात आणि संघ काठ्या ठोकतो. दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं. "मुलांनासुद्धा माहीत होतं," तो म्हणाला. "काठ्या छान ठोकल्या."

लेक गर्रकन मागे वळली. "नो! वी डिडन्ट..." मी आवाज चढवून सांगितलं, की अहो हा निरोप नव्हता, आमच्याकडे चांगल्या माणसाचा असाच सत्कार करतात, तुम्ही राहावं म्हणूनच तर केलं. तो समजूतदारपणे हसला. "क्लबसुद्धा असंच म्हणतात. आणि मालकाने मला सुखाचा प्रवास म्हटलं."

रागाने माझं डोकं असं तडकलं की सांगू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला शाळेत सोडून मी तडक अल सुलैला मालकाच्या ऑफिसात गेले. म्हातारा सभ्य माणूस. कहवा मागवला, ऐकून घेतलं आणि गोंधळून गेला. "उख्ती, तुम्हीच लोकांनी त्याला निरोप दिला," मला अरबीत बहीण म्हणत तो तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला. "मी काल घरी जाऊन मुलाला म्हटलं, बघ किती चांगली माणसं, मला वाईटपणा घ्यावा लागला नाही." मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या कोचचा करार करणार होता. "थांबवतो मी त्याला," मालक म्हणाला. "पण सगळ्या आईबापांच्या वतीने तो माणूस बोलला होता ना, तुमचा अध्यक्ष? त्याला म्हणावं, मला एक फोन कर. उद्या दुपारच्या आत."

एक फोन. बोटाने करायचा. मी खाली उतरता उतरताच अध्यक्षांना गाठलं.

"वहिनी, तुम्ही परस्पर गेलात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न नव्हताच, भाषण होतं. फोन समितीच्या वतीने करायचा तर ठराव हवा. ठरावाला बैठक हवी. बैठक शुक्रवारी. आणि मुळात, इतका देखणा कार्यक्रम झाला, सगळ्यांनी नावाजला, तो चुकला असं आपणच मालकाला कसं सांगायचं? "आपली काही इभ्रत आहे की नाही?"

मी म्हटलं, "अहो साहेब, एका माणसाचं घर उठतंय."

"भावना समजतात मला," अध्यक्ष म्हणाले. "शुक्रवारी विषय घेऊ."

मग मी चिटणिसाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धारेवर धरलं. तो म्हणाला, अध्यक्षांना डावलून मी कसा फोन करू? रात्री जेवताना लेकीने त्याच्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही. ते बहुतेक त्याला लागलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातून फोन केला. जेवणाच्या सुट्टीत. तिकडे नमाज, जेवण आणि सही, तिन्ही आटोपल्यावर. मालक म्हणाला, खलास, आता सही झाली, मुलगा ऐकणार नाही.

शुक्रवारची बैठक मात्र ठरल्याप्रमाणे झाली. कोचला कायम ठेवावं अशी मालकांना नम्र विनंती करणारा ठराव एकमताने मंजूर झाला, आणि नंतर ढोकळा.

शेवटच्या सरावाला कोचला घेऊन जाताना मी सगळं सांगून टाकलं. ठराव, फोन, सही, सगळं. वाटलं, निदान त्याला कळावं की आम्हाला तो हवा होता. मग त्याने विचारलं, आणि त्यात राग अजिबात नव्हता, खरंच कोडं पडल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही लोक संध्याकाळभर बोललात. हेच एक का नाही बोललात?"

तोंडाने एवढी फटकळ मी, पण मी नुसता गाडीचा एसी वाढवला.

त्याला कुवेतमध्ये काम मिळालं. मालकाने आपल्या गाडीने अल खफजीच्या सीमेपर्यंत पाठवलं, पलीकडून त्यांची माणसं न्यायला आली. जाताना त्याने शाल नीट घडी करून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. मी ती ठेवून घेणार होते, पण अध्यक्षांचा निरोप आला, पुढच्या कार्यक्रमाला लागेल. नारळ तो घेऊन गेला. त्याचं काय करायचं असतं हे त्याला सांगायचं राहूनच गेलं. सोफा नेता येण्यासारखा नव्हता. वसाहतीच्या ग्रुपवर विकायला म्हणून त्याचा फोटो पडला आणि पहिला हात अध्यक्षांनी वर केला. आता बैठका त्याच्यावरच होतात.

नवा कोच आला. दात पांढरेशुभ्र, सगळे स्वतःचे. कुणाला पाडत नाही. दर आठवड्याला बिल्ले, दर सरावाचा व्हिडिओ, मागे गाणं. अल खोबरच्या पोरांशी पहिला सामना झाला त्यात आम्ही सडकून मार खाल्ला, पण व्हिडिओ इतका सुरेख झाला की दोन आया मला म्हणाल्या, हरलो असं वाटतच नाही. सगळ्या सामन्यात अंगावर येणारं जे काही होतं ते माझ्या लेकीने एकटीने झेललं. तिला काठी ठोकून दाखवणारं कुणी नव्हतं. नवा कोच तिला "सुपर!" म्हणाला. ती बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

परवा अध्यक्षांच्या घरी बैठक होती, वार्षिक कार्यक्रमाची. ते म्हणाले लेकीलाही घेऊन या, तिच्यासाठी गंमत आहे. आम्ही दोघी सोफ्यावर बसलो. ती एका कडेला, हाताने कापड चाचपत. अध्यक्षांनी चहा ठेवला, घसा साफ केला आणि जाहीर केलं, की यंदा समितीने आपल्या धाडसी गोलीचा सत्कार करायचं ठरवलं आहे. मालकांच्या हस्ते. आणि आतून त्यांच्या पत्नी ती मोतिया शाल घेऊन आल्या, इस्त्री केलेली.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली, आणि मला मराठीत विचारलं, "आई, मला काढलं का गं?"

सगळे हसले. अध्यक्ष तर डोळे पुसेपर्यंत हसले आणि म्हणाले, किती गोड आहे हो तुमची मुलगी, हे मानपत्रात घालू.